तक्त्यातला विनय

मी बेसबॉल आयुष्यात कधीही खेळलेलो नाही, आणि म्हणूनच त्या खेळाबद्दलची माझी मतं अत्यंत ठाम आहेत.

मी मूळचा चिंचवडचा. लहानपणी आम्ही क्रिकेट सोडून दुसरं काही खेळलो नाही. पुढे नोकरीसाठी सिंगापूरला आलो, तुआसच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम बघू लागलो, बिशानला संसार थाटला, आणि आमची साई शाळेत सॉफ्टबॉल खेळायला लागेपर्यंत माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, बाकी नियम जवळजवळ तेच: चेंडू मारायचा, तीन बेसना वळसा घालायचा आणि जिथून मारला तिथे, म्हणजे 'होम'ला, परत आलं की एक धाव. आता मुलगी खेळते म्हटल्यावर बापाने थोडा अभ्यास करायला नको? मी केला! तुआस पडलं पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये सकाळी वेळच वेळ. आणि अमेरिकेत संध्याकाळचे सामने रंगतात तेव्हा आपल्याकडे नेमकी सकाळ. मी कानात इअरफोन घालून सामने बघू लागलो. एक संघही निवडला. टोपीचा रंग आवडला म्हणून निवडला. हा संघ सहसा हरतो, ही गोष्ट नंतर कळली. पण तोवर जीव जडला होता.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला आकडेवारीशिवाय दुसरा आधार नसतो. जिंकणाऱ्या संघाचे लोक नाचतात, आमच्यासारखे सरासरी काढतात. कोणाची बॅटिंग सरासरी घसरली, कोण नुसताच बेसवर पोचतो पण पुढे सरकत नाही, कोणाच्या हातून सोपे चेंडू सुटतात, सगळं मला तोंडपाठ. "आमच्या संघाचा प्रश्न बॅटिंग नाहीच आहे, फिल्डिंग आहे," हे वाक्य मी बसमध्ये, कारखान्यात, लिफ्टमध्ये आणि दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींसमोर इतक्यांदा म्हटलं, की मी चकलीकडे हात नेला तरी लोक प्लेट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. माझी बायको मंजिरी एकदा म्हणालीच, "मिलिंद, त्या माणसाचं लग्न ठरत नाहीये म्हणून तो बिचारा मन मोकळं करत होता. तू त्याला फिल्डिंग काय सांगत बसलास?"

(मी त्याला एवढंच म्हटलं होतं, की घाई करू नको, वाईट चेंडू सोडून दिलेस तर पहिला बेस फुकट मिळतो. सल्ला चुकीचा नव्हता.)

साई कॅचर आहे. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला पॅड, आणि बॅटिंग करणाऱ्याच्या पाठीमागे उकिडवं बसायचं. शाळांच्या स्पर्धेत पहिल्या नऊ जणींत खेळायचं, हे एकच वेड तिला वर्षभर लागलं होतं. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत ती भिंतीवर चेंडू मारून झेलत बसायची. हाताला घट्टे पडले होते. मंजिरी तेल लावायला गेली की साई म्हणायची, "डोंट लाह आई, ग्रिप जाते." (हे 'लाह' सिंगापुरी इंग्रजीला शेपटीसारखं चिकटलेलं असतं.) चौदा वर्षांच्या मुलीने इतकं मनापासून काही करावं, याचं मला खरोखर कौतुक होतं. आणि नेमकं तिथेच सगळं चुकलं.

झालं असं, की त्यांच्या कोच मिसेस लिम यांनी पालकांच्या ग्रुपवर विचारलं: स्पर्धेसाठी संघ निवडायचाय, सरावातली आकडेवारी ठेवायला कोणी पालक मदत करेल का?

कोणी पालक! मी त्या वेळी जेवत होतो. उष्ट्या हाताने "येस" टाइप केलं.

त्यानंतर महिनाभर मी शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसलो. डोक्यावर माझ्या संघाची टोपी, मांडीवर लॅपटॉप, आणि तोंडाने चालू समालोचन. कोणाच्या हातून चेंडू सुटला की मी मोठ्याने "एरर!" म्हणून नोंद करायचो. पोरी दचकायच्या आणि पुढचाही चेंडू सोडायच्या. मग मी तीही नोंद करायचो. मिस्टर टॅन म्हणून एक पालक आहेत, त्यांची मुलगी क्लोई हीसुद्धा कॅचर. ते माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि आदराने स्क्रीनकडे बघायचे. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याकडे सगळं कळणारा माणूस म्हणून बघणारे जगात ते एकटेच, त्यामुळे मला ते फार आवडायचे.

महिन्याअखेरीस तक्ता तयार झाला. मी "क्रमवार लावा" हे बटण दाबलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यात वर नाव होतं साईचं!

आता सांगा, करायचं काय? आकडे खरे होते. दोनदा तपासले, काही फरक पडला नाही. पण स्वतः बाप, स्वतःच तक्ता केलेला, आणि स्वतःच्याच मुलीचं नाव पहिलं? लोक काय म्हणतील? आमच्या घरात हे कधी झालेलं नाही. मी बोर्डात आलो असतो तरी (आलो नाही, तो भाग वेगळा) आई शेजारच्या काकूंना म्हणाली असती, "कसले हो मार्क, ठोंब्या आहे नुसता." मग काकूंनी म्हणायचं, "अहो काहीतरीच काय, केवढा हुशार आहे तो!" मग आईने म्हणायचं, "छे हो." असं दोन-तीनदा झालं की दोघी समाधानाने चहा प्यायच्या. मुलाचं कौतुक करायची आमच्याकडची रीत ही आहे. आपण खाली ढकलायचं, समोरच्याने वर उचलायचं.

मी मंजिरीला हाक मारली. ती फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती.

"अगं, साई पहिली आलीये!"

"वर नको रे ठेवूस," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "बरं नाही दिसत."

झालं, तिची संमती मिळाली. मी साईला दुसरी केली. तरी बरं दिसेना. पाचवी केली. मग वाटलं, अर्धवट विनय कशाला? आकडे थोडे इकडचे तिकडे केले आणि तिला उचलून थेट तळाला नेऊन ठेवलं. शेजारी शेरा लिहिला, "अजून बरीच सुधारणा आवश्यक." आणि अत्यंत प्रसन्न मनाने तक्ता ग्रुपवर पाठवला. आता लोकांनी म्हणायचं, "नो नो, साई इज सो गुड लाह!" मग मी म्हणणार, "छे हो." मी हे "छे हो" इंग्रजीत कसं लिहायचं याचा विचार करत बसलो.

पहिलं उत्तर मिस्टर टॅन यांचं आलं. "व्हेरी ऑनेस्ट फादर. रिस्पेक्ट."

मग एका बाईंनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग आणखी अंगठे आले. एका गृहस्थांनी लिहिलं, की आकडे बघितल्यावर आता त्यांनाही आठवतंय, साईचे चेंडू सुटतात खरे. शेवटी कोच लिम यांचा एकच शब्द आला. "नोटेड."

"छे हो" म्हणायची वेळ काही आली नाही.

मंजिरीने तो तक्ता रात्रीच्या जेवणाआधी बघितला. माझी बायको मला एरवी नावाने हाक मारते. "अहो" फक्त भयंकर चिडली की म्हणते.

"अहो!"

"काय झालं?"

"मी 'वर नको' म्हटलं होतं! तळाला गाडा असं नव्हतं म्हटलं!"

"अगं, लोक म्हणतील ना, की नाही नाही, ती चांगली खेळते..."

"कोण म्हणेल? तक्ता आहे तो! तुमच्या आईची शेजारीण आहे का तो?"

शुक्रवारी संध्याकाळी साई शाळेतून आली. बॅग दारातच टाकली, बूट काढले नाहीत. कोचने तिला राखीवमध्ये टाकलं होतं. कॅचर म्हणून क्लोई टॅन खेळणार होती. उद्या शनिवारी मुली विरुद्ध पालक असा सरावाचा सामना, आणि त्यानंतर नावं पक्की होऊन शाळेकडे जाणार.

"बाबा," ती म्हणाली, "यू पुट मी लास्ट."

"अगं बाळा, तो विनय होता..."

"व्हॉट विनय? तुला वाटतं मी लास्ट आहे?"

"नाही गं! तू पहिली होतीस!"

"देन व्हाय?"

तिचे डोळे भरून आले आणि ती आत निघून गेली. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली, की जेवणावरची वासनाच उडाली. वर्षभर ज्या पोरीने हाताचे घट्टे मिरवले, तिला मी एका बोटाने खाली सरकवली होती. तेही कौतुक करायला म्हणून!

मी तडक निघालो. कोच लिम मैदानाच्या शेडमध्ये सामान मोजत होत्या. ठेंगणी बाई, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. (त्या सगळं इंग्रजीतच बोलल्या. मी मराठीत सांगतोय, कारण इंग्रजीत ते अजून लागतं.)

"कोच, त्या तक्त्याबद्दल थोडं बोलायचं होतं."

"फार छान तक्ता. थँक यू."

"तो चुकीचा आहे."

त्यांनी हातातला चेंडू खाली ठेवला. "चुकीचा?"

"म्हणजे... सगळा नाही. विनयशील आहे."

"कोणता रकाना विनयशील आहे?"

"साईचा," मी म्हणालो. "आमच्यात आपल्या मुलांना चारचौघांत चांगलं म्हणत नाहीत. आपण वाईट म्हणायचं, मग बाकीचे चांगलं म्हणतात."

"मिस्टर मिलिंद, माझी आई मला आजही युसलेस म्हणते. आमच्यातही तेच चालतं. पण ती ते तोंडाने म्हणते. दशांश चिन्ह टाकून म्हणत नाही."

"खरे आकडे माझ्याकडे आहेत. आत्ता पाठवतो!"

"आता तुमचे कुठलेच आकडे नकोत. एकदा बाप म्हणतो मुलगी शेवटची, मग बाप म्हणतो मुलगी पहिली. बाकीच्या आईबापांना मी काय सांगू? उद्या मी माझ्या डोळ्यांनी बघते." आणि मी वळणार तेवढ्यात म्हणाल्या, "हो, पालकांच्या संघात एक माणूस कमी आहे. तुम्ही खेळा. तुम्हाला खेळातलं कळतं."

घरी येऊन मी साईच्या दाराबाहेर उभा राहून सांगितलं, की मी कोचशी बोलून आलोय. आतून किंचाळी ऐकू आली. "यू टॉक्ड टू हर? बाबा! सो मलू!"

मलू म्हणजे इथल्या मलाय भाषेत लाज. आमच्या घरात तो शब्द माझ्याच संदर्भात वापरला जातो.

शनिवारी सकाळी मी मैदानावर पोचलो तो निश्चय करूनच, की आज तोंड उघडायचं नाही. तो निश्चय पालकांचा संघ गोळा होईपर्यंत टिकला. मिस्टर टॅन म्हणाले, "आपली स्ट्रॅटेजी काय?" आणि मी सुरू झालो! पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, दमेपर्यंत बॅट फिरवायची नाही, वाईट चेंडू सोडायचे, बेसवर पोचण्याचं प्रमाण महत्त्वाचं, लांब फटक्याचा मोह टाळायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सल्ल्यानुसार पालक एकामागून एक बॅट न फिरवता नुसते उभे राहिले आणि उभ्या उभ्या बाद झाले. पोरींची पिचर वाईट चेंडू टाकतच नव्हती, आणि तीन चांगले सोडले की माणूस बाद, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

साई बाकावर बसून होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मंजिरी कडेला चिवड्याचा डबा घेऊन बसली होती, तीही माझ्याकडे बघत नव्हती. शेवटच्या डावात कोचने राखीव मुलींना आत घातलं, आणि साई मुखवटा चढवून कॅचरच्या जागी आली. पालकांचे तीन बाद झाले की सामना संपणार, एक आधीच झालेला. बरोबरी करायला आम्हाला एक धाव हवी होती. मिस्टर टॅन नशिबाने पहिल्या बेसवर पोचून तिथे अंग चोरून उभे होते. बॅटिंगला कोण? मी.

मी जाऊन उभा राहिलो. पाठीमागे माझी पोर उकिडवी बसलेली. हळूच म्हटलं, "साई, सॉरी गं."

"बाबा, फोकस," मुखवट्यातून आवाज आला.

चेंडू आला. महिनाभर जमवलेले सगळे सिद्धांत बाजूला पडले आणि चिंचवडच्या मैदानावरचा हात आपोआप फिरला. काय बसलाय फटका, सांगतो! चेंडू लांब, दोन पोरींच्या मधून, थेट कुंपणाकडे! मला स्वतःला विश्वास बसेना. मी पळत सुटलो. बॅट हातात घट्ट धरून.

आता, बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून द्यायची असते, हे मला माहीत नव्हतं का? उत्तम माहीत होतं! त्यावर मी फराळाच्या वेळी भाषण केलेलं आहे. पण पाय काही फराळाला आलेले नव्हते. चारी बाजूंनी लोक "ड्रॉप द बॅट! ड्रॉप द बॅट!" ओरडत होते. मला वाटलं, प्रोत्साहन देतायत. मी पहिल्या बेसपाशी पोचलो, खाली वाकलो, बॅट बेसला टेकवली आणि मागे वळून बघितलं. चेंडू अजून कुंपणापाशीच होता. तेवढ्यात कडेवरून मंजिरीचा आवाज आला. रुसवा विसरून, चिवडा सांडून, माझी नाशिकची बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती:

"दोन आहेत रे! दोन पळ, दोन!"

मी दुसऱ्या धावेसाठी परत फिरलो.

पालक आ वासून बघत राहिले. कारण या खेळात पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर जातात, मग तिसऱ्यावर. उलटा घराकडे कोणी येत नाही. आलेलं मैदानाने कधी बघितलं नव्हतं. शिवाय मला एकट्याने पळून भागणार नव्हतं. माझा जोडीदार समोरून यायला हवा ना! बघतो तर मिस्टर टॅन दुसऱ्या बेसवर सुखरूप उभे.

"मिस्टर टॅन! कम! कम बॅक! टू रन्स!"

आणि तो सज्जन माणूस निघाला. त्यांचा माझ्या अभ्यासावर विश्वास होता. सुरक्षित बेस सोडून ते उलटे पहिल्याकडे पळायला लागले.

कुंपणावरून चेंडू आणणारी पोर मधोमध थबकली. चेंडू कुठे फेकायचा हेच तिला कळेना. बाकीच्याही पुतळ्यासारख्या. मैदानावर एकच माणूस शुद्धीत होता. साई उभी राहून गळा फाडून ओरडली, "होम! थ्रो होम! ही विल कम ऑल द वे!"

चेंडू सप्पकन तिच्या हातमोज्यात आला. मी समोरून झेपावतोय, बॅट पुढे, पोट मागे, चेहऱ्यावर धाव काढल्याचा आनंद. मी बॅट टेकवली, मान वर केली, तर पोटच्या पोरीने चेंडू धरलेला हातमोजा माझ्या पाठीत आपटला. आउट! आणि तशीच वळून तिने चेंडू पहिल्या बेसवर फेकला. मिस्टर टॅन अजून वाटेतच होते, तिथल्या पोरीने त्यांना चेंडू लावला. तेही आउट! एका फटक्यात दोन बाद, सामना खलास.

मी गवतावर पालथा पडलो होतो. मग कोच लिम हसायला लागल्या. मोठ्याने, पोट धरून. म्हणाल्या, "साई, तुला कसं कळलं तो परत येणार?"

साईने मुखवटा वर केला. कालपासून पहिल्यांदा ती हसत होती. "कोच, बॅट नाही टाकली ना त्याने. बॅट हातात असली की बाबा परत येतो."

"बाकी सगळ्या चेंडूकडे बघत होत्या," कोच म्हणाल्या. "हिने पळणाऱ्याकडे बघितलं. कॅचरचं काम तेच." आणि त्यांनी तिथेच, सगळ्या आईबापांसमोर, पहिल्या नऊ जणींत साईचं नाव घेतलं. क्लोई धावत येऊन साईच्या गळ्यात पडली, ती दुसऱ्या जागेवर खेळणार होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गवत गेलं असं मी सांगितलं. साई माझ्यापाशी आली, हात धरून मला उठवलं आणि कानात म्हणाली, "थँक्स हं बाबा. पण प्लीज, ग्रुपवर काही लिहू नकोस."

निघताना कोच लिम यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "मिस्टर मिलिंद, पुढच्या शनिवारपासून याल का? लॅपटॉप नको. नुसतं पळायचं. गोंधळलेला माणूस पळायला लागला की काय करायचं, हे मुलींना शिकवायला मला असा माणूस कुठे मिळत नाही."

तेव्हापासून मी दर शनिवारी जातो. बॅट धरतो, पळतो, आणि कुठल्या ना कुठल्या पोरीकडून पाठीत हातमोजा खाऊन घरी येतो. मिस्टर टॅनही मोठ्या हौसेने येऊ का म्हणून विचारत होते, पण कोचने त्यांना नको म्हणून सांगितलं. त्यांना आता खेळ समजायला लागलाय म्हणे.